चार गिअरच्या मसल कारला मागून जोडलेला ओव्हरड्राइव्ह

मिशिगनमध्ये आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. उभा जन्म मोटारींच्या कारखान्यात गेला, आणि गॅरेजात १९६९ सालची शेव्हरोले शेव्हेल एसएस ३९६ ही मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाची वेगवान अमेरिकन गाडी, त्यांनी लेकरासारखी सांभाळली आहे. दर ऑगस्टमध्ये डेट्रॉइटजवळ वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, 'वुडवर्ड ड्रीम क्रूझ' म्हणतात तिला. तिथे ही गाडी दरवर्षी असते आणि मोठ्या दिमाखात असते. पण एकदा मी त्यांच्याबरोबर याच गाडीतून शिकागोला गेलो. आय-९४ हायवेला लागून ताशी ७० मैलांचा, म्हणजे आपल्या हिशेबात ११३ किलोमीटरचा वेग धरला आणि इंजिनाचे मिनिटाला किती फेरे ते दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा ३,७०० वर जाऊन थांबला. चौथा गिअर पडलेला होता आणि पाचवा या गाडीत नव्हताच. चार-साडेचार तास ते भलंमोठं व्ही-८ इंजिन एकाच पट्टीत ओरडत राहिलं. बोलायचं तर ओरडून बोलावं लागत होतं. माझी रोजची साधी गाडी याच वेगाला २,००० च्या आसपास फिरते.

परत आल्यावर त्यांनी ठरवलं की गिअरबॉक्स काढायचा नाही, त्याच्या मागे ओव्हरड्राइव्ह जोडायचा, म्हणजे गाडीचा वेग तोच ठेवून इंजिनाचे फेरे उतरवणारी गिअरांची एक जादा जोडणी. पुढचा हिवाळा आम्ही दोघं त्या गाडीखाली होतो. ते काम करत होते आणि मी पाने हातात देत होतो, आकडेमोड करत होतो. ती आकडेमोड करताना माझ्या डोक्यातल्या काही समजुती पार बदलल्या, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सगळं भांडण एका आकड्याचं

इंजिनाची ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाते, तिथून प्रॉपेलर शाफ्ट या लांब दांड्याने मागे, आणि मागच्या एक्सलमधल्या क्राऊन-पिनियन या दातेरी जोडीमधून चाकांना. क्राऊन-पिनियनचं प्रमाण कायमचं ठरलेलं असतं. या शेव्हेलचं आहे ४.१०. म्हणजे प्रॉपेलर शाफ्टचे ४.१० फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो.

टायरचा व्यास २६ इंच, म्हणजे परीघ साधारण २.०७ मीटर. ताशी ७० मैलांना चाक मिनिटाला सुमारे ९०५ फेरे घेतं. त्याला ४.१० ने गुणा, प्रॉपेलर शाफ्टचे ३,७१० फेरे येतात. चौथा गिअर एकास एक असल्यामुळे इंजिनाचेही तेवढेच. टॅकोमीटर खोटं सांगत नव्हता.

मग ४.१० ठेवायचाच कशाला? कारण गाडी जागेवरून सुटते तेव्हा हाच आकडा कामाला येतो. या गाडीत इंडियाना राज्यातल्या मन्सी शहराच्या नावाने ओळखला जाणारा चार गिअरचा एम-२१ बॉक्स आहे. त्याचा पहिला गिअर २.२०. त्याला ४.१० ने गुणलं की ९.०२ येतात. इंजिनाचा पीळ (टॉर्क) चाकापर्यंत पोचेपर्यंत नऊ पट होतो, आणि सिग्नल हिरवा झाल्यावर पाठ सीटला चिकटते ती त्यामुळे. एक्सल बदलून ३.०८ चा घातला तर हायवेवर इंजिन २,७९० वर येईल, छान शांत होईल. पण पहिल्या गिअरचा गुणाकार ६.७८ वर घसरेल. सुटतानाचा जोर पाव हिश्श्याने गेला, आणि वर क्लच जास्त घासून गाडी काढावी लागणार ते वेगळंच.

एक्सलचा आकडा एकच, आणि कामं दोन, तीही उलट्या दिशांची. १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओपासून जी मसल कारची लाट आली, तिच्या गाड्या पहिल्या कामासाठी बांधल्या होत्या. मापदंड होता पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, जागेवरून सुटून किती सेकंदांत. पेट्रोल स्वस्त होतं. चौथा गिअर थेट होता, म्हणजे त्यात बॉक्सचा आत येणारा आणि बाहेर जाणारा शाफ्ट एकमेकांना सरळ अडकतात, दातांवरून ताकद फिरवावी लागत नाही आणि वाया फार कमी जाते. शर्यतीच्या दृष्टीने त्याच्यावर पाचवा गिअर लावायचं काही कारणच नव्हतं.

अमेरिकेला ओव्हरड्राइव्ह माहीत नव्हता असं मात्र नाही. १९३४ च्या क्रायसलर आणि डिसोटोच्या एअरफ्लो गाड्यांत तो मिळत होता. बोर्ग-वॉर्नरचा ओव्हरड्राइव्ह पुढे स्टुडबेकर, फोर्ड, शेव्हरोले अशा कितीतरी गाड्यांत तीन गिअरच्या बॉक्सला जोडून येई आणि इंजिनाचे फेरे तब्बल ३० टक्क्यांनी उतरवी. ताकदीच्या शर्यतीत तो मागे पडला, आणि परत आठवण आली ती १९७३ च्या तेलटंचाईनंतर. क्रायसलरने आपल्या ए-८३३ या दणकट चार गिअरच्या बॉक्सचाच चौथा गिअर ०.७३ चा केला आणि १९७६ च्या प्लिमथ फेदर डस्टर, डॉज डार्ट लाइट या काटकसरी गाड्यांत घातला. पुढे १९८४ ते १९८८ च्या कॉर्व्हेटमध्ये शेव्हरोलेने चार गिअरच्या बॉक्सच्या मागे वेगळा ओव्हरड्राइव्ह जोडूनच दिला. त्याला 'फोर प्लस थ्री' म्हणत, कारण तो वरच्या तीन गिअरमध्ये लागे, पहिल्यात नाही. पहिल्यात का नाही, ते पुढे येईल. आपल्याकडच्या पाच गिअरच्या मोटारींचा पाचवा गिअरही बहुतेक वेळा ओव्हरड्राइव्हच असतो, फक्त तो बॉक्सच्या आतच बसवलेला असल्याने कुणी त्याला वेगळं नाव देत नाही.

आज मसल कारला मागून जोडण्यासाठी जो सर्वात ओळखीचा आहे तो कॅलिफोर्नियातल्या एल कहोनच्या गिअर व्हेंडर्स कंपनीचा. त्याचं मूळ मात्र इंग्लंडचं. एडगर डी नॉर्मनव्हिल या इंग्रज अभियंत्याची कल्पना आणि शेफिल्डच्या लेकॉक कंपनीचं उत्पादन. १९४० च्या दशकाच्या अखेरीस स्टँडर्ड व्हॅनगार्ड गाडीपासून तो आला, मग ट्रायम्फ, एमजीबी, ऑस्टिन-हीली, जॅग्वार, व्होल्व्हो यांच्यात वर्षानुवर्षं चालला. लहान इंजिनाच्या इंग्रजी गाड्यांसाठी जन्मलेली ही युक्ती. तिचंच दणकट रूप आता अमेरिकन व्ही-८ च्या मागे बसतं.

टेबलावरची पेन्सिल

आत काय चालतं हे समजून घ्यायला एक प्रयोग करा. टेबलावर गोल पेन्सिल आडवी ठेवा. तिच्यावर पट्टी ठेवा. आता पेन्सिलच बोटांनी पुढे लोटा, पट्टी तिच्यावर नुसती टेकलेली राहू द्या. पेन्सिल ५ सेंटिमीटर पुढे जाईल तेवढ्यात पट्टी १० सेंटिमीटर जाते. पेन्सिल स्वतः पुढे सरकते आहे आणि सरकताना गडगडतही आहे, त्यामुळे तिच्या माथ्यावरच्या वस्तूला दोन्ही गती मिळतात. जड शिळा लाकडी ओंडक्यांवरून ओढतात तेव्हा ओंडके सारखे मागे पडतात आणि उचलून पुढे टाकावे लागतात, ते याचमुळे.

ओव्हरड्राइव्हमध्ये हेच गोल करून बसवलं आहे. टेबलाच्या जागी मधोमध एक छोटं दातेरी चाक, सूर्य. त्याच्याभोवती फिरणारी छोटी चाकं म्हणजे पेन्सिली, ग्रह. आणि सगळ्यांना बाहेरून वेढणारं, आतल्या बाजूला दात असलेलं मोठं कडं म्हणजे पट्टी. गिअरबॉक्समधून आलेला शाफ्ट ग्रहांच्या चौकटीला फिरवतो. कड्यापासून ताकद बाहेर पडते आणि प्रॉपेलर शाफ्टकडे जाते.

सूर्य धरून ठेवला, हलू दिला नाही, की ग्रह त्याच्यावरून गडगडत जातात आणि कड्याला आपल्यापेक्षा जास्त पळवतात. सपाट टेबलावर पट्टी दुप्पट पळाली, इथे तेवढी नाही, कारण सूर्य लहान आहे आणि कडं मोठं. समजा कड्याचे दात सूर्याच्या साडेतीन पट आहेत. मग चौकटीच्या एका फेऱ्यात कडं १ अधिक १/३.५, म्हणजे सुमारे १.२८६ फेरे घेतं. उलटं मांडलं तर मागच्या शाफ्टचा एक फेरा व्हायला इंजिनाचे ०.७८ फेरे पुरतात. गिअर व्हेंडर्सचं प्रमाण हेच आहे, २२ टक्क्यांची घट.

आणि ओव्हरड्राइव्ह नको असेल तेव्हा? तेव्हा सूर्याला स्थिर धरायचं नाही, त्याला कड्याशीच जखडून टाकायचं. मग कुणीच कुणावर गडगडू शकत नाही, सगळा गठ्ठा एकसंध फिरतो, जेवढं आत तेवढंच बाहेर.

सूर्याला कधी स्थिर धरायचं आणि कधी कड्याशी जखडायचं, हे काम एक शंकूच्या आकाराचा क्लच करतो. तो सूर्याला जोडलेला आहे आणि थोडा पुढे-मागे सरकू शकतो. एरवी जोरदार स्प्रिंगा त्याला एका बाजूला, कड्यावर, दाबून धरतात. बटण दाबलं की सोलेनॉइड (विजेवर चालणारं चुंबक) झडप उघडतो, तेलाचा दाब स्प्रिंगांवर मात करतो आणि शंकू दुसऱ्या बाजूला, न हलणाऱ्या ब्रेकच्या कड्यावर जाऊन बसतो. सूर्य जागच्या जागी थांबतो. तेलाचा दाब देणारा पंप आत येणाऱ्या शाफ्टवरच चालतो, म्हणून उभ्या गाडीत बटण दाबून काही होत नाही.

या सगळ्यात दातात दात अडकवण्याचा प्रकार कुठेच नाही. दात कायम एकमेकांत असतात, बदलतो तो फक्त शंकू कुठे टेकला आहे तेवढा. म्हणून पायाचा क्लच न दाबता, ॲक्सिलरेटरवर पाय असतानाच ओव्हरड्राइव्ह लागतो आणि सुटतो. हे मला पहिल्यांदा बघताना फार विलक्षण वाटलं. पन्नास वर्षांची जुनी गाडी, आणि फेऱ्यांचा काटा एखाद्या लिफ्टसारखा अलगद खाली उतरला.

रिव्हर्सचा धोका

आणखी एक भाग आत आहे, त्याच्याकडे नीट लक्ष द्यायला हवं. चौकट आणि कडं यांच्यामध्ये एकाच दिशेने अडकणारा क्लच असतो, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा. पुढे जाताना चौकट कड्याला मागे टाकू पाहील तर तो अडकतो आणि कड्याला बरोबर घेऊन जातो. कडंच पुढे पळत असेल तर सोडून देतो. ओव्हरड्राइव्हमध्ये कडं जास्त पळतं, म्हणून तो सुटा राहतो. इथवर सुरळीत.

आता ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना रिव्हर्स टाकला तर? सगळं उलटं फिरायला लागतं. धरलेल्या सूर्यामुळे कडं चौकटीपेक्षा जास्त वेगाने उलटं फिरू पाहतं. फ्रीव्हीलच्या नजरेने बघितलं तर कडं उलट्या दिशेने पुढे, म्हणजेच चौकट सुलट्या दिशेने कड्याच्या पुढे. ते अडकतं. एकीकडे ग्रह सांगतात की कडं १.२८ पटीने फिरलंच पाहिजे, दुसरीकडे फ्रीव्हील सांगतं की दोघं बरोबरच फिरली पाहिजेत. दोन्ही एकाच वेळी शक्य नाही. मग काहीतरी तुटतं, आणि ते स्वस्तातलं नसतं.

इंग्रजी गाड्यांत यासाठी गिअरच्या दांड्याला स्विच असे आणि ओव्हरड्राइव्ह फक्त वरच्या गिअरमध्येच चालू होई. मसल कारला नंतर बसवताना हे संरक्षण आपल्याला वायरिंगमध्ये आणावं लागतं. रिव्हर्सच्या दिव्याच्या स्विचमधून रिले (विजेने चालणारा स्विच) घालून सोलेनॉइडची वीज तोडणं हा साधा उपाय आहे. आमच्या शेजाऱ्यांनी वेगावर चालणारा कंट्रोलर असूनही तो केला, शिवाय डॅशबोर्डवर ओव्हरड्राइव्हचा छोटा दिवा लावला. माझं ठाम मत आहे की हा दिवा आणि हा रिले यांच्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

आठ गिअरचा हिशेब

आता त्या जागी येतो जिथे माझी समजूत बदलली. चार गिअर, प्रत्येकाला ओव्हरड्राइव्ह, म्हणून आठ गिअर असं सर्रास सांगितलं जातं. कागदावर ते खरं आहे. मी उत्साहाने एम-२१ चे आकडे मांडले: २.२०, १.६४, १.२८ आणि १.००. प्रत्येकाला ०.७८ ने गुणलं.

पहिला ओव्हर झाला १.७२. दुसरा ओव्हर १.२८. तिसरा ओव्हर १.००. चौथा ओव्हर ०.७८.

पुन्हा वाचा. दुसऱ्याचा ओव्हर म्हणजे हुबेहूब तिसरा. तिसऱ्याचा ओव्हर म्हणजे हुबेहूब चौथा. पहिल्याचा ओव्हर दुसऱ्याच्या अगदी खेटून. एम-२१ हा जवळजवळच्या गिअरांचा बॉक्स आहे, त्याच्या दोन गिअरांमधली पायरीच नेमकी ओव्हरड्राइव्हच्या पायरीएवढी. आठ म्हणवणाऱ्या गिअरांतून नवं असं एकच हाती येतं, सगळ्यात वरचं ०.७८.

मग मी रुंद पायऱ्यांचा एम-२० घेतला: २.५२, १.८८, १.४६, १.००. ओव्हर होतात १.९७, १.४७, १.१४ आणि ०.७८. पहिले दोन पुन्हा शेजाऱ्याला चिकटलेले. पण तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधोमध १.१४ हा खरा नवा गिअर मिळाला. चढावर, किंवा गाडी ओलांडताना, तो उपयोगी पडू शकतो. फोर्डच्या टॉपलोडर बॉक्सच्या रुंद पायऱ्यांत (२.७८, १.९३, १.३६, १.००) पहिल्याचा ओव्हर २.१७ येतो, तो पहिल्या-दुसऱ्याच्या बऱ्यापैकी मध्ये. पण तिसऱ्याचा १.०६, चौथ्याच्या दारात.

तीन गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये चित्र वेगळं दिसतं. जनरल मोटर्सच्या टर्बो ४०० चे आकडे २.४८, १.४८, १.००. ओव्हर केले की १.९३ आणि १.१५ अगदी योग्य जागी पडतात, आणि सहा गिअर खरोखरचे सहा होतात. आठ गिअरची ख्याती बहुधा अशा गाड्यांच्या अनुभवातून मॅन्युअलला चिकटली असावी. शिवाय मॅन्युअलमध्ये 'दुसरा ओव्हर'मधून 'तिसरा साधा'वर जायचं तर एका हाताने दांडा, एका पायाने क्लच आणि त्याच क्षणी बटण सोडणं, असं सगळं एकदम जुळवावं लागतं. शर्यतीच्या धावपळीत ते जमवणारे असतीलही. रोजच्या रस्त्यावर मला त्यात काही मिळकत दिसत नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. हा ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्सच्या मागे आहे, पुढे नाही. म्हणजे इंजिनाचा पीळ बॉक्समध्ये वाढून मगच त्याच्याकडे येतो. एसएस ३९६ च्या इंजिनाचा टॉर्क कागदोपत्री ४०० पौंड-फुटांच्या वर. चौथ्या गिअरमध्ये तेवढाच मागे जातो. पहिल्यात तो २.२० पट होऊन ८८० च्या वर जातो. ओव्हरड्राइव्ह बंद असताना सगळा गठ्ठा एकसंध फिरतो, तेव्हा तो भार झेलणं सोपं. चालू असताना मात्र तो सगळा भार ग्रहांच्या छोट्या दातांवर आणि सूर्याला धरून बसलेल्या शंकूवर येतो. कॉर्व्हेटच्या 'फोर प्लस थ्री'मध्ये पहिला गिअर का वगळला, इंग्रजी गाड्यांत फक्त वरच्या गिअरांना मुभा का, याचं उत्तर इथे आहे.

म्हणून कुणी मला विचारलं तर मी सांगतो: चार गिअरच्या गाडीला हा पाचवा गिअर म्हणून घ्या. त्या एका गिअरसाठी पैसे वाजवी वाटत असतील तर घ्या, आठाच्या मोहाने घेऊ नका.

त्या एका गिअरने काय मिळतं

४.१० ला ०.७८ ने गुणलं की ३.२० येतात. सुटताना गाडी ४.१० ची आणि हायवेवर ३.२० ची. ७० मैलांना इंजिन ३,७१० वरून २,८९० वर आलं. मिनिटाला ८०० हून जास्त फेरे वाचले. चार तासांच्या शिकागोच्या वाटेवर हा आकडा दोन लाखांच्या जवळ जातो. तेवढ्या वेळा प्रत्येक पिस्टन खाली-वर झाला नाही, आणि त्याच्या निम्म्या वेळा प्रत्येक झडपेची उघडझाप झाली नाही.

पेट्रोल वाचतं, पण २२ टक्के नाही. हे लोकांना पटवणं अवघड जातं. हवा कापायला लागणारी ताकद वेगावर ठरते, आणि वेग तर तोच आहे. वाचतं ते दुसऱ्या दोन ठिकाणी. फेरे कमी म्हणून आतलं घर्षण कमी. आणि तेवढीच ताकद कमी फेऱ्यांतून काढायची म्हणून थ्रॉटल जास्त उघडा राहतो, अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढण्यात इंजिनाची जी दमछाक होते ती कमी होते.

एक गोष्ट मात्र अजिबात बदलत नाही, आणि ती कुणी आधी सांगितली असती तर आमचे दोन शनिवार वाचले असते. ओव्हरड्राइव्हच्या मागे प्रॉपेलर शाफ्ट आहे, आणि तो चाकांना क्राऊन-पिनियनने बांधलेला आहे. ७० मैलांना तो पूर्वीही ३,७१० फेरे घेत होता आणि आताही घेतो. एक्सल बदलला असता तर तो हळू झाला असता, ओव्हरड्राइव्हने होत नाही. इंजिनाचा आवाज उतरला तेव्हा आम्हाला ६५ मैलांपासून पुढे एक बारीक थरथर जाणवली. आम्ही ओव्हरड्राइव्हवर संशय घेतला, सैल बोल्ट शोधले. थरथर शाफ्टची होती आणि पूर्वीपासूनची होती, इंजिनाच्या गदारोळात कळत नव्हती इतकंच. शाफ्टचं बॅलन्सिंग नव्याने करून घेतल्यावर ती गेली.

बसवताना

बसवण्याची तत्त्वं थोडक्यात. गिअरबॉक्सचं मागचं आवरण, ज्याला टेलहाउसिंग म्हणतात, ते निघतं, त्या जागी ॲडॉप्टर आणि त्याच्यामागे ओव्हरड्राइव्ह येतो. लांबी वाढली म्हणून प्रॉपेलर शाफ्ट कापून आखूड करावा लागतो, आणि कापला की बॅलन्सिंग आलंच. गिअरबॉक्सला आधार देणारी आडवी पट्टी आणि सायलेन्सरचे पाइप यांची जागा आधी मोजून घ्यावी.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो कोनाला. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे, म्हणजे वळत्या सांध्यांचे, कोन एकमेकांना जुळले पाहिजेत. शाफ्ट आखूड झाला की गिअरबॉक्स आणि एक्सल यांच्या उंचीतला तोच फरक आता कमी लांबीत बसवायचा असतो, कोन तीव्र होतो. साध्या कोनमापकाने हे मोजता येतं, आणि गाडी स्वतःच्या वजनावर चाकांवर उभी असतानाच मोजायचं, जॅकवर लटकत असताना नाही.

स्पीडोमीटरची केबल ओव्हरड्राइव्हच्या मागून निघाली पाहिजे. ती गिअरबॉक्समधूनच राहिली तर ओव्हरड्राइव्हमध्ये गाडी ७० ने जात असताना काटा ५५ च्या खाली दाखवेल.

तेल जे सांगितलं असेल तेच घालावं. आपल्या मनाने घर्षण कमी करणारी ॲडिटिव्ह टाकू नयेत, कारण शंकू पकडतो तो घर्षणानेच. तेल जास्त गुळगुळीत झालं तर तो घसरतो, घसरला की तापतो आणि अस्तर जळतं.

सुटं बसवावं की बॉक्सच बदलावा

दुसरा मार्ग आहे, आणि तो खरोखर चांगला आहे. ट्रेमेक कंपनीचे पाच आणि सहा गिअरचे नवे बॉक्स मिळतात. त्यांचे गिअर मऊ पडतात, सहा गिअरच्या टी-५६ मॅग्नममध्ये तर वर दोन ओव्हरड्राइव्ह आहेत. गाडी नुसती चालवायची असेल, आणि जुना बॉक्स नाहीतरी झिजला असेल, तर मी तिकडेच वळेन. खर्च दोन्हीकडे काही हजार डॉलरांचा.

पण नवा बॉक्स जाडजूड असतो. कित्येक मसल कारमध्ये तो बसवायला दोन सीटच्या मधला पत्र्याचा उंचवटा कापावा लागतो. आणि या गाड्यांच्या इंजिनावर व बॉक्सवर गाडीच्या क्रमांकाचे अंक ठोकलेले असतात. ते जुळणारी मूळची जोडी गाडीत असणं याला जाणकारांमध्ये मोठी किंमत आहे. शेजाऱ्यांच्या शेव्हेलमध्ये ती जोडी आहे. त्यांनी ओव्हरड्राइव्ह निवडला तो याच एका कारणाने. मूळ बॉक्स जागेवरच राहिला. काढलेलं टेलहाउसिंग आणि न कापलेला जुना शाफ्ट (आखूड करायला त्यांनी दुसरा शाफ्ट घेतला) तेलाच्या फडक्यात गुंडाळून गॅरेजच्या माळ्यावर आहेत. उद्या कुणाला गाडी १९६९ सारखी करायची असेल तर दोन दिवसांचं काम.

काही गाड्यांना मात्र हे करूच नये. एक्सल आधीच ३.०८ किंवा २.७३ चा असेल तर ओव्हरड्राइव्हमध्ये ७० मैलांना इंजिन २,१७० किंवा १,९३० वर येईल. साध्या कॅमशाफ्टच्या (झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या) इंजिनाला ते झेपेलही. पण शर्यतीचा दणकट कॅम घातलेलं इंजिन त्या फेऱ्यांत नीट जळत नाही, गचके खातं, जरा चढ आला की ओव्हरड्राइव्ह काढावा लागतो. तिथे पैसे घालवण्यात अर्थ नाही. ३.५५ पासून पुढे हिशेब जुळायला लागतो, ३.७३ आणि ४.१० ला तो अगदी चपखल बसतो. पैसे भरण्याआधी आपला टायर, आपला एक्सल आणि आपला नेहमीचा वेग घेऊन ही बेरीज-गुणाकार स्वतः एकदा करावी. दहा मिनिटं लागतात.

चालवताना एक सवय लावून घ्यावी. ओव्हरड्राइव्ह लावताना ॲक्सिलरेटर हलका, पण दाबलेला. काढतानाही दाबलेलाच, कारण त्या क्षणी इंजिनाला २८ टक्क्यांनी वर चढायचं असतं. पाय उचलून काढला तर ते चढवायचं काम मागची चाकं करतात आणि गाडीला धक्का बसतो. आणि वेग फार असताना तो काढू नये, फेरे लाल रेषेच्या पलीकडे जातील.

या वर्षी पुन्हा शिकागोला गेलो. शेजाऱ्यांनी चारही गिअर नेहमीसारखे टाकले, रॅम्पवरून आय-९४ ला लागले, ७० गाठले आणि पायाजवळचं बटण एकदा दाबलं. डॅशबोर्डवरचा दिवा लागला, काटा २,९०० वर उतरला. मग त्यांनी रेडिओ लावला. मागच्या वेळी तो लावायचा विचारही मनात आला नव्हता. बटणावर त्यांचा पाय पुन्हा गेला तो थेट शिकागोच्या बाहेर गर्दी लागली तेव्हा.